धाहरानमधील श्वान-ग्रूमर : काम, आरोग्य आणि कागदपत्रे

धाहरान, खोबर आणि दम्माम ही सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतातील तीन शहरे आता एकमेकांत इतकी मिसळली आहेत की एकातून दुसऱ्यात केव्हा शिरलो हे रस्त्यावरच्या पाट्यांवरूनच कळते. अराम्को, किंग फहद पेट्रोलियम व खनिज विद्यापीठ आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या कंपन्या यांमुळे या पट्ट्यात मराठी कुटुंबांचे वास्तव्य जुने आहे. कुंपणाआडच्या वसाहतींत परदेशी रहिवाशांनी कुत्री पाळणे हेही नवे नाही. शहराच्या उघड्या रस्त्यावर मात्र चित्र सावकाश बदलले. २००८ च्या जुलै महिन्यात रियाधमध्ये धार्मिक पोलिसांनी कुत्री-मांजरे विकण्यावर आणि त्यांना रस्त्यावर फिरवण्यावर बंदी घातली होती. २०२० च्या जूनमध्ये खोबरला ‘द बार्किंग लॉट’ नावाचे, माणसांनी आपली कुत्री घेऊन यावे असे उपाहारगृह उघडले आणि देशातील पहिले म्हणून त्याची बातमी जगभर छापून आली. बारा वर्षांतील या अंतरात एक व्यवसाय उभा राहिला. कुत्र्याला न्हाऊ घालणारा, जटा सोडवणारा, नखे कापणारा आणि केस कातरणारा कारागीर, म्हणजेच ग्रूमर, आज येथे दुकानांत, पशुवैद्यकीय दवाखान्यांत, फिरत्या व्हॅनमध्ये आणि ग्राहकाच्या घरी जाऊन काम करताना दिसतो.

प्रस्तुत लेख या कारागिराच्या शरीराविषयी आहे. स्वतः हे काम करणाऱ्यांना, ते करू पाहणाऱ्यांना आणि आपल्या कुत्र्यासाठी ग्रूमर बोलावणाऱ्या वाचकांना तो उपयोगी पडावा. या धंद्यातून माणूस एखाद्या मोठ्या अपघाताने क्वचितच बाद होतो. तो बाद होतो दिवसाच्या आठव्या किंवा नवव्या कुत्र्यामुळे. दिवसाला किती कुत्री घ्यायची, कोणती आधी, कोणती नंतर आणि कोणत्या कुत्र्याला नाही म्हणायचे, हे प्रश्न कोणत्याही महागड्या जपानी कात्रीपेक्षा महत्त्वाचे आहेत. त्यातही धाहरानमध्ये परदेशी कारागिराचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. मनगट गेले की काम जाते आणि काम गेले की देशातले वास्तव्यही धोक्यात येते.

हवा

८ जुलै २००३ रोजी दुपारी धाहरानला ४२ अंश सेल्सिअस तापमान असताना दवबिंदू ३५ अंशांवर गेल्याची नोंद आहे. जगात नोंदला गेलेला सर्वाधिक दवबिंदू म्हणून हा आकडा हवामानशास्त्राच्या पुस्तकांत नेहमी दिला जातो. माणसाच्या त्वचेचे तापमानही साधारण ३५ अंशच असते. हवेतील बाष्प या पातळीला पोहोचले की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होण्याचा मुख्य मार्गच बंद होतो. रियाधचा कोरडा उन्हाळा सोसलेल्या माणसालाही पूर्व किनाऱ्यावरील ऑगस्ट जड जातो तो यामुळे. कोकणातला माणूस दमट हवेला सरावलेला असतो खरा, पण तिथे पारा ३३-३४ वर थांबतो.

ग्रूमर बहुतेक वेळ छताखाली असतो म्हणून तो सुरक्षित आहे असे समजण्याची चूक अनेक मालक करतात. ग्रूमिंगची खोली स्वतःच एक लहानसे धाहरान असते. गरम पाण्याची आंघोळ, ओल्या अंगाचे चार प्राणी आणि तासन्‌तास चालणारे ड्रायर यांमुळे वातानुकूलन यंत्र असूनही तेथे बाष्प साचते. वातानुकूलन यंत्राबरोबर हवा बाहेर फेकणारा पंखा नसेल तर ती खोली ग्रूमिंगसाठी योग्य नव्हे. व्हॅनची स्थिती अधिक नाजूक. उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याच्या गाडीत वातानुकूलन बंद पडले तर काही मिनिटांत आतील तापमान कुत्र्याला आणि माणसालाही धोकादायक होते. वीज पेट्रोलच्या जनरेटरवर घेतली असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा दुसरा धोका असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. व्हॅनमध्ये त्याचा इशारा देणारे बॅटरीवरचे छोटे यंत्र बसवलेले असलेच पाहिजे आणि जनरेटरचा धूर दारे-खिडक्यांपासून दूर सोडलेला असला पाहिजे. डोके दुखणे, मळमळणे आणि गुंगी ही उन्हाचीही लक्षणे आहेत आणि या वायूचीही. म्हणून व्हॅनमध्ये ती जाणवताच आधी बाहेर यावे, कारण नंतर शोधावे.

सौदी अरेबियात दर वर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ थेट उन्हात काम करून घेण्यास खासगी आस्थापनांना मनाई असते. पण हा नियम उन्हात उभे राहून काम करणाऱ्यांसाठी आहे; व्हॅनच्या आत बसलेला ग्रूमर त्यात मोडतो की नाही यावर मालकाशी वाद घालत बसण्यापेक्षा त्या तीन तासांत फेरी न ठेवणे हेच शहाणपणाचे. उन्हाळ्यात घरोघरची कामे सकाळी सहा ते अकरा आणि सूर्यास्तानंतर अशी विभागता येतात. ग्राहकांनाही ते मानवते, कारण दुपारी कुत्र्यालाही तापलेल्या फरशीवरून चालवता येत नाही.

सुट्टीवरून परतलेल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. उष्णतेचा सराव आठवडाभराच्या अनुपस्थितीनेही ओसरू लागतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेची, म्हणजे नायॉशची, शिफारस अशी आहे की अनुभवी कामगाराने पुन्हा उष्ण जागी रुजू होताना पहिल्या दिवशी ५० टक्के, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम घ्यावे; नवख्याने २० टक्क्यांपासून सुरुवात करून रोज २० टक्क्यांनी वाढवावे. जूनमध्ये गावी जाऊन पहिला पाऊस अंगावर घेऊन आलेला माणूस जुलैत धाहरानला उतरतो आणि दुसऱ्याच दिवशी दहा कुत्र्यांची यादी त्याच्या हाती पडते, हे टाळण्यासाठी परतीचे तिकीट काढतानाच पहिल्या तीन दिवसांची यादी अर्धी ठेवण्याचे मालकाशी ठरवून घ्यावे. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर प्यावे. ग्रूमिंगच्या टेबलावर केस उडत असल्याने अनेक जण पाण्याची बाटली बाहेर ठेवतात आणि मग पीतच नाहीत. झाकणाची बाटली आणि नळी हा साधा उपाय आहे.

‘सगळे केस काढून टाका’

मे महिना लागला की हस्की, जर्मन शेफर्ड किंवा गोल्डन रिट्रीव्हर घेऊन येणारा मालक हमखास ही मागणी करतो. त्यामागे माया असते, पण समज अपुरी असते. या जातींना दुहेरी आवरण असते. बाहेर राठ केस, आत मऊ लोकर. बाहेरचे केस ऊन अडवतात, आतली लोकर योग्य रीतीने विंचरून काढली की हवा त्वचेपर्यंत खेळते. मशीन फिरवून सगळे उतरवले तर त्वचा उन्हात भाजू शकते, आणि काही कुत्र्यांचे केस पुढे कित्येक महिने नीट येत नाहीत किंवा ठिगळासारखे येतात. तेव्हा येथे कौशल्य कात्रीचे नसून ब्रशचे आणि ड्रायरचे आहे. सुटी झालेली लोकर आंघोळीनंतर जोराच्या हवेने उडवावी, उरलेली फणीने काढावी, पोटाखालचे आणि पंजांमधले केस आखूड करावेत.

ग्रूमरच्या आरोग्याशी याचा संबंध असा की मशीन फिरवणे पाऊण तासाचे काम, तर लोकर काढणे दोन-अडीच तासांचे. दर ठरवताना जातीचे नाव पाहून ठरवण्यापेक्षा केसांची अवस्था आणि लागणारा वेळ पाहून ठरवला तर घाई करावी लागत नाही. आणि मनगटाच्या व पाठीच्या दुखण्यांत घाईचा वाटा मोठा असतो. जटांविषयीही हेच. कानामागे आणि मांडीत नमद्यासारखी जमलेली जट तासभर ओढत बसणे कुत्र्याला यातना देणारे आणि हाताला मोडणारे आहे. त्वचेलगत जमलेली जट १० नंबरच्या ब्लेडने, जे सुमारे दीड मिलिमीटर केस मागे ठेवते, उतरवून टाकावी आणि मालकाला आधी तसे सांगून त्याची लेखी संमती घ्यावी. ब्लेड तापते. दर काही मिनिटांनी ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहणे ही जुन्या कारागिरांची सवय अजूनही सर्वांत भरवशाची आहे.

येथे थोडे विषयांतर. अरबांच्या वाळवंटात शिकारी सलूकीला इतर कुत्र्यांहून निराळा मान होता. बदू लोक त्याला तंबूत घेत. आपल्याकडे मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात जे कारवान आणि लांब केसांचे पश्मी कुत्रे आढळते, त्याचे पूर्वज व्यापारी आणि सैनिकांबरोबर आलेले असे सलूकीसारखेच शिकारी कुत्रे असावेत असे परंपरेने मानले जाते. पश्म म्हणजे फारसीत लोकर. अंगावर चरबी नसलेली, पातळ त्वचेची ही जात ग्रूमरच्या हाती आली तर तिला कात्री जवळजवळ लागतच नाही. रबरी ब्रश, कोमट पाणी आणि मऊ हात पुरतो. लातूर-सोलापूरकडचा माणूस खोबरच्या दुकानात सलूकी पाहतो तेव्हा त्याला ती परकी वाटत नाही, असे म्हणायला हरकत नाही.

हात, मनगट, पाठ

कात्री चालवताना अंगठा उघडतो-मिटतो, चार बोटे स्थिर राहतात. दिवसात ही हालचाल हजारो वेळा होते. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावरून जाणाऱ्या स्नायुबंधांचे आवरण सुजले की डी क्वेर्व्हेन नावाचा विकार होतो. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवले असता तीव्र कळ येणे ही त्याची खूण. मनगटातील बोगद्यातून जाणारी नस दाबली गेली तर अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होतात, हात झटकल्यावर बरे वाटते. हा कार्पल टनेल विकार. तिसरा प्रकार म्हणजे सकाळी बोट अडकून ‘टक्’ असा आवाज होत सरळ होणे. या तिन्हींची सुरुवात सौम्य असते आणि याच काळात ती आटोक्यात येतात. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, काही आठवडे कात्रीकाम कमी आणि आंघोळ-ब्रशचे काम जास्त, एवढ्यावर अनेकांचे निभावते. सहा महिने अंगावर काढले तर इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

कात्रीची निवड येथे कामी येते. अंगठ्याचे कडे पुढे सरकवलेली, वळलेल्या दांड्याची कात्री मनगट सरळ ठेवते. अंगठ्याचे कडे फिरणारी कात्री आणखी सोयीची, पण तिची सवय व्हायला वेळ लागतो. धार गेलेली कात्री सर्वांत घातक, कारण ती जोर मागते. धाहरानच्या हवेत बारीक वाळू कायम असते आणि ओल्या, नीट न धुतलेल्या केसांत ती राहिली तर धार लवकर जाते. म्हणून अंघोळ न घातलेल्या कुत्र्यावर चांगली कात्री कधीच चालवू नये. क्लिपर घट्ट पकडू नये. त्याचे वजन तळहातावर पडावे, बोटांवर नाही. जमल्यास आंघोळ घालताना उजवा-डावा हात आलटून पालटून वापरावा.

पाठीचे दुखणे बहुतेक वेळा एका क्षणात सुरू होते : ओला, घाबरलेला कुत्रा टबमधून उचलताना. नायॉशच्या सूत्रानुसार, सर्व परिस्थिती आदर्श असतानाही एका माणसाने उचलण्याच्या वजनाची मर्यादा २३ किलो आहे. म्हणजे स्थिर खोके, शरीराजवळ, कंबरेच्या उंचीवर, न वळता. हलणारा प्राणी हे यातले काहीच नाही. लॅब्रॅडॉर ३० किलोचा, जर्मन शेफर्डचा नर त्याहून जड. तेव्हा २० किलोच्या वरचे कुत्रे दोघांनी उचलावे किंवा उचलूच नये, पायऱ्या वा उताराच्या फळीवरून चालवत न्यावे. खालीवर होणारे विजेचे टेबल महाग वाटते, पण एका महिन्याच्या गमावलेल्या मजुरीपेक्षा ते स्वस्त पडते. टेबलाची उंची अशी ठेवावी की कुत्र्याच्या ज्या भागावर काम चालू आहे तो भाग कोपराच्या पातळीवर येईल. पायांवर काम करताना टेबल वर घ्यावे, पाठीवर करताना खाली. कुत्र्याभोवती आपण फिरावे, वाकून त्याच्या पलीकडे हात नेऊ नये. आपल्याकडचा धनगर मेंढी जमिनीवर आडवी करून, स्वतः बसून लोकर कातरतो. तासन्‌तास ओणवे उभे राहण्याचा हा प्रकार आधुनिक दुकानाने निर्माण केला आहे.

यादीचा क्रमही शरीर वाचवतो. सर्वांत जड किंवा अवघड कुत्रा सकाळी, ताजे असताना घ्यावा. सलग दोन कात्रीकामे ठेवू नयेत; मध्ये एखादे साधे अंघोळीचे काम घालावे. एकट्या ग्रूमरने पूर्ण कातरणीची दिवसाला पाच-सहा कुत्री घ्यावीत, त्यापुढे दर्जा आणि अंग दोन्ही उतरू लागतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कुत्रा लहान की मोठा यावर हा आकडा अर्थातच हलतो.

आवाज आणि केस

जोराच्या हवेचा ड्रायर लहान खोलीत कानठळ्या बसवतो. नायॉशच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. याच संस्थेचे आवाज मोजण्याचे मोफत ॲप आयफोनवर मिळते. ड्रायर चालू असताना शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत असेल तर मोजण्याचीही गरज नाही, कानांवर संरक्षक मफ चढवावेत. कुत्र्याचे कानही मऊ पट्टीने झाकावेत. ते शांत राहते आणि चावण्याचा संभव कमी होतो.

उडणारे केस, कोंडा आणि वाळलेली लाळ यांमुळे काहींना शिंका, डोळ्यांना खाज, आणि पुढे दमा जडतो. रविवारी कामाला लागल्यावर छाती भरणे आणि सुट्टीच्या शुक्रवारी-शनिवारी मोकळी होणे ही खूण ओळखून डॉक्टरांना व्यवसाय सांगावा. नाही तर साध्या सर्दीचे औषध घेत वर्ष जाते. ड्रायरच्या वेळी नीट बसणारा एन-९५ मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असावा. आखूड, राठ केस कुसळासारखे बोटांच्या बेचक्यात, पायाच्या बोटांतही रुततात आणि तेथे गळू धरून नळीसारखी जखम होते. हा न्हाव्यांचा जुना रोग म्हणून वैद्यकात ओळखला जातो आणि ग्रूमरनाही होतो. उघड्या चपला घालून काम करू नये याचे एक कारण हे, दुसरे म्हणजे पडणारी कात्री.

चावा

कुत्रा चावण्यापूर्वी बहुधा सांगतो. ओठ चाटणे, वारंवार जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, आणि शेवटी एकदम ताठ, निश्चल होणे. गुरगुरण्याबद्दल त्याला रागावू नये. गुरगुरणे दाबले तर पुढचा चावा इशाऱ्याविना येतो. अशा वेळी हात थांबवावा. जाळीचे मुसके, ज्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात, ते धाहरानच्या हवेत कापडी पट्टीपेक्षा कितीतरी चांगले. तोंड बांधलेला कुत्रा तापतो. पग, फ्रेंच बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर बंद पिंजऱ्यात गरम हवेने सुकवणे जिवावर बेतू शकते. कुत्र्याचे सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असते. ते ४१ च्या पुढे गेले की तातडीची अवस्था. टेबलावरच्या फासात कुत्र्याला क्षणभरही एकटे सोडू नये. आणि काही कुत्र्यांना नाही म्हणावे. पशुवैद्याच्या देखरेखीखाली गुंगी देऊन करण्याचे काम ग्रूमरने बळाने करू नये.

सौदी अरेबियातील प्राण्यांमध्ये रेबीज आढळतो आणि वाळवंटाच्या कडेला भटक्या कुत्र्यांशी, कोल्ह्यांशी पाळीव कुत्र्याची गाठ पडू शकते. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही. त्याआधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली की वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवावे. घड्याळ लावून धुवावे, कारण १५ मिनिटे वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. मग त्याच दिवशी दवाखाना. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात रक्त न आलेला ओरखडा दुसऱ्या श्रेणीत येतो आणि त्याला लस पुरते. त्वचा भेदणारा चावा तिसऱ्या श्रेणीत, त्याला लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ग्रूमरसारख्या सतत धोक्यातील व्यक्तीने आधीच लस घेऊन ठेवावी असे संघटना सुचवते. २०१८ पासून त्यासाठी पहिल्या आणि सातव्या दिवशी अशा दोन भेटी पुरेशा मानल्या आहेत. अशी लस झालेली असेल तर चाव्यानंतर सामान्यतः दोनच मात्रा लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. हा कागद पासपोर्टबरोबर ठेवावा. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी.

हाताचा चावा लहान दिसला तरी अंगावर काढू नये. दात खोल जातो, वरचे छिद्र मिटते आणि आत पाश्चुरेला जातीचे जिवाणू २४ तासांत हात सुजवतात. प्लीहा काढलेल्यांना, मद्याचे व्यसन असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कुत्र्याच्या तोंडातील कॅप्नोसायटोफॅगा हा जिवाणू प्राणघातक ठरू शकतो. डॉक्टर हाताच्या चाव्याला बहुधा लगेच प्रतिजैविक सुरू करतात, त्यात कुचराई करू नये.

पाणी, शाम्पू, औषधे

दिवसातून दोन तासांहून अधिक हात ओले राहत असतील तर त्वचेचे संरक्षक तेल निघून जाते, भेगा पडतात आणि त्वचादाह सुरू होतो. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, पण ओल्या हातांवर चढवू नयेत आणि घामाने ओले झाले की बदलावेत. कामानंतर बिनवासाचे जाड मलम. गोल, कडेने लाल, खाजणारा चट्टा उठला तर तो गजकर्ण असू शकतो. घरातील मुलांना तो झपाट्याने लागतो. खरजेची कुत्रीही अशीच खाज देऊन जातात.

शाम्पू पाण्यात कालवून बाटलीत दिवसेंदिवस ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते आणि ती थांबली पाहिजे. कालवलेल्या शाम्पूत स्यूडोमोनास जिवाणू वाढतात आणि आंघोळीनंतर एक-दोन दिवसांत कुत्र्याच्या पाठीवर वेदनादायक पुळ्या, ताप येतो. पशुवैद्यकात या विकाराला ग्रूमिंगचेच नाव आहे. रोज संध्याकाळी उरलेले ओतून द्यावे, बाटली धुऊन वाळवावी.

गोचीड आणि पिसवांची औषधे हा निराळा विषय आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९९ मध्ये कॅलिफोर्निया, टेक्सास आणि वॉशिंग्टन या राज्यांतील अशा औषधांमुळे कामावर आजारी पडलेल्यांचा आढावा प्रसिद्ध केला होता. त्यात फॉस्मेटच्या द्रावणाने कुत्र्याला धुताना आजारी पडलेल्या एका ग्रूमर स्त्रीची हकिगत आहे. अंगभर द्रावण ओतण्याची पद्धत आता मागे पडावी. मानेवर टाकायचे थेंब किंवा पोटात द्यायची गोळी पशुवैद्यानेच ठरवावी. आणि पर्मेथ्रिनचे औषध कुत्र्याला लावले त्याच टेबलावर, न धुता, मांजर घेऊ नये. मांजराला ते विष आहे. गरोदर ग्रूमरने कीटकनाशके आणि जड उचलणे ही दोन्ही कामे पूर्णपणे सोडावीत.

कामाचे कपडे दुकानातच बदलावेत. आरोग्याचा भाग झालाच, पण येथे आणखी एक बाजू आहे. हंबली आणि शाफई परंपरेत कुत्र्याची लाळ अशुद्ध मानतात, मालिकी परंपरेचे मत वेगळे आहे. एका खोलीत चौघे राहत असतील आणि त्यातले दोघे पाच वेळा नमाज पढणारे असतील तर केस चिकटलेला शर्ट घेऊन घरात शिरल्याने उगाच कटुता येते. वेगळी पिशवी, वेगळे धुणे, घरी येताच अंघोळ, एवढ्याने तो प्रश्न उरत नाही.

इकाम्यावर काय लिहिले आहे

इंग्लंड-अमेरिकेतही ग्रूमरला सक्तीचा परवाना लागत नाही. त्यामुळे या कामावर माणूस कोणत्याही नावाने ठेवला जाऊ शकतो, आणि धाहरानमध्ये या नावावर बरेच काही अवलंबून असते. सौदी कामगार कायद्यानुसार परदेशी कामगाराकडून कामाच्या परवान्यात नोंदलेल्या व्यवसायाखेरीज दुसरे काम करून घेता येत नाही. दुकान किंवा दवाखान्याच्या नावावर असलेला कामगार या कायद्याच्या छत्राखाली येतो : दिवसाला आठ किंवा आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांपेक्षा अधिक काम नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती, जादा तासांना मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांची भर, वर्षाला किमान २१ दिवसांची रजा. आजारपणात पहिले ३० दिवस पूर्ण वेतन, पुढचे ६० दिवस तीन चतुर्थांश आणि त्यापुढचे ३० दिवस बिनपगारी. मालकाने सामाजिक विमा संस्थेत, म्हणजे गोसीत, वेतनाच्या दोन टक्के व्यावसायिक धोक्याच्या विम्यापोटी भरायचे असतात. ते कामगाराच्या पगारातून कापायचे नसतात. चावा आणि पाठीची दुखापत यांचा उपचार या विम्यात बसू शकतो, पण घटना मालकाला वेळेत कळवलेली असली तर. व्हॉट्सॲपचा संदेश आणि फोटो हाही लेखी पुरावाच आहे.

जो माणूस घरकामगार किंवा घरचा चालक म्हणून आला आणि प्रत्यक्षात मालकाच्या ओळखीच्यांची कुत्री कातरतो, त्याची स्थिती वेगळी. घरकामगार या कामगार कायद्याबाहेर आहेत, त्यांची नियमावली निराळी आहे. मार्च २०२१ मध्ये लागू झालेल्या नोकरी बदलण्याच्या सवलतींतूनही घरकामगार, चालक, माळी आणि मेंढपाळ वगळलेले होते. अशा माणसाचे मनगट गेले किंवा व्हॅनमध्ये अपघात झाला, तर तो नेमका कोणते काम करत होता हा प्रश्न आधी उठतो आणि त्याचे खरे उत्तर त्याच्याच विरुद्ध जाते. घरी ग्रूमर बोलावणाऱ्या वाचकांनी स्वस्त दराच्या मोहात ही बाजू विसरू नये. नोंदणीकृत दुकानातून बोलावलेल्या कारागिराला थोडे अधिक पैसे लागतात आणि त्याचे कारण हेच आहे. त्याला बोलावताना कुत्र्याच्या रेबीज लशीचे कार्ड दाखवावे, कुत्रा पूर्वी कोणाला चावला असल्यास स्पष्ट सांगावे, वातानुकूलित खोली आणि पिण्याचे पाणी द्यावे.

करार ‘किवा’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, त्यात व्यवसाय आणि वेतन काय लिहिले आहे, हे कामगाराला स्वतःच्या खात्यातून पाहता येते. दहावी न झालेल्या, इमिग्रेशन तपासणी आवश्यक असलेल्या पासपोर्टवर आलेल्यांना प्रवासी भारतीय विमा योजनेचे संरक्षण असते. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी त्यात दहा लाख रुपयांची तरतूद आहे आणि तिचा कागद भारतातल्या घरच्यांकडेही असायला हवा. पूर्व प्रांत रियाधच्या भारतीय दूतावासाच्या कक्षेत येतो. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावरही नोंदवता येते, आणि ती नोंदवताना इकाम्याची प्रत, कराराची प्रत आणि दवाखान्याची पहिल्या दिवसाची चिठ्ठी ही तीन कागदपत्रे हाताशी लागतात.